16 मायक्रॉनची जागा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या 600 पिनांचा लॉट परत आला. टेम्पोवाल्याने क्रेट शेडच्या दारातच उतरवले आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. चिठ्ठीवर एकच शब्द होता, अंडरसाइज, म्हणजे माप कमी.

वर्धा-नागपूर रस्त्यावर केळझरपासून थोडं आत आमचं शेड आहे. चारी बाजूंनी कपाशी आणि तुरीची वावरं, मधोमध पत्र्याखाली दोन सेंटरलेस ग्राइंडर, तीन लेथ आणि कोपऱ्यात काचेची खिडकी असलेली इन्स्पेक्शनची खोली. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लिफ्टला लागणाऱ्या पिना आम्ही ग्राइंड करून पाठवतो. मी वर्ध्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून याच खोलीत आहे. नऊ वर्षं झाली.

परत आलेल्या पिनेचं माप 32 मिलिमीटर, फिट जी6. म्हणजे 31.975 ते 31.991. या दोन आकड्यांच्या मध्ये 16 मायक्रॉनची जागा आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरला तर त्याच्या पावपटीपेक्षाही ही जागा अरुंद. तेवढ्यात ग्राइंडरवाल्याला पिन बसवायची असते आणि बसली की नाही हे आम्ही सांगायचं असतं.

मी आलेल्या क्रेटमधून 20 पिना काढल्या आणि मोजल्या. बऱ्याचशा खरंच कमी भरत होत्या. रजिस्टर उघडलं. त्याच लॉटचे आमचे आकडे 31.981, 31.983, 31.980 असे सुरेख मधोमध. सही माझी.

मालकांनी पहिला प्रश्न मायक्रोमीटरचा विचारला. त्याचं कॅलिब्रेशन फेब्रुवारीतच झालेलं, नागपूरच्या एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट फाइलला, हिरवं स्टिकर चकचकीत. मी स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे प्रमाण तुकडे, लावून पुन्हा तपासलं. मायक्रोमीटर बरोबर होता. मग चुकलं कोण? शेडमध्ये दोन दिवस हाच प्रश्न फिरत होता, आणि प्रत्येकाच्या मनात एकेक नाव होतं.

तिसऱ्या दिवशी पिना घेणाऱ्या कंपनीच्या क्वालिटी इंजिनिअरचा फोन आला. त्यांना एमएसए, म्हणजे मोजमापाच्या पद्धतीचाच अभ्यास, नव्याने करून हवा होता. जुना कागद त्यांच्याकडे होता. तो माझ्याच हातचा. ऑडिटच्या आदल्या दुपारी मी एकटीने 90 आकड्यांचा तक्ता भरला होता. काही पिना मोजल्या होत्या, काही आकडे त्यांच्या आजूबाजूचे टाकले होते. उत्तर 8 टक्के आलं होतं आणि सगळे खूश होते. तो फोन ठेवल्यावर मी मालकांना हे सगळं सांगितलं. फार अवघड गेलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘‘आता खरा करा. जे येईन ते येऊ द्या.’’

वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आयएटीएफ 16949 हे मानक चालतं आणि त्यात हा अभ्यास सक्तीचा आहे. करायची रीत एआयएजी या अमेरिकेतल्या वाहन उद्योगाच्या संघटनेच्या पुस्तिकेत दिली आहे. तिची चौथी आवृत्ती 2010 ची. कल्पना सोपी आहे. लहान-मोठ्या मापाच्या 10 पिना घ्यायच्या, तीन माणसांनी प्रत्येक पिन तीन-तीनदा मोजायची. झाले 90 आकडे. एकाच माणसाच्या तीन आकड्यांत किती फरक पडतो ते एक, आणि माणसामाणसांत किती फरक पडतो ते दुसरं. दोन्ही मिळून जीआरआर. हा गोंधळ टॉलरन्सच्या, म्हणजे त्या 16 मायक्रॉनच्या जागेच्या, 10 टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, 10 ते 30 मध्ये असेल तर काम पाहून चालवून घ्यायची, 30 च्या वर गेला तर त्या मोजण्यावर विसंबायचं नाही.

यावेळी मी पिनांच्या टोकाला बारीक नंबर टाकले आणि ते टोक खाली करून ट्रेमध्ये ठेवल्या, म्हणजे कोणती पिन हातात आली हे मोजणाऱ्याला दिसू नये. दर फेरीला क्रम बदलला. आधीचा आकडा कोणालाही दाखवला नाही. प्रत्येक पिनेवर पेनने एक रेघ मारली आणि तिथेच मोजायचं ठरवलं, कारण पिन लांबीभर आणि गोलाईत अगदी एकसारखी कधीच नसते. रेघ नसती तर पिनेचा फरक आमच्या हाताच्या खात्यात जमा झाला असता.

मोजणारे तिघे. मी, आयटीआय करून आलेला नवा मुलगा, आणि काका. काकांनी बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत आयुष्य काढलं, आता गावाजवळ काम मिळालं म्हणून आमच्याकडे. सगळे त्यांना काकाच म्हणतात. तक्ता पाहून ते म्हणाले, ‘‘तीस वर्षं झाले, मायक्रो हातात हाय माह्या. आता तू मले मोजणं शिकवशीन काय?’’

मोजलं मात्र त्यांनी मन लावून. संध्याकाळी मी गणित केलं. जीआरआर 59 टक्के.

दोनदा तपासलं, 59 च. पुस्तिकेत आणखी एक आकडा काढायला सांगतात, आपली पद्धत पिनांचे किती वेगवेगळे गट ओळखू शकते तो. किमान 5 यावा लागतो. आमचा 3 आला. म्हणजे हजाराव्या भागापर्यंत आकडे दाखवणारं यंत्र हातात घेऊन आम्हाला लहान, मध्यम, मोठी एवढंच कळत होतं. आणि त्या तीनच्या जोरावर मी रोज शेकडो पिनांवर सही करत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

फरकाचा मोठा वाटा माणसामाणसांतला होता. काकांची सरासरी सगळ्यात कमी, नव्या मुलाची सगळ्यात जास्त, दोघांत 2.4 मायक्रॉनचं अंतर. काकांना कागद दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा पडला. ‘‘म्हणजे म्या चोरी केली काय?’’ असं ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

मला तेव्हा आजीची पायली आठवली. आमच्या घरी ज्वारी मोजायची तर आजी शिगोशीग भरायची, आई वरून हात फिरवून सपाट करायची. पायली तीच, ज्वारी तीच. दहा पायल्यांना काही शेर इकडचे तिकडे व्हायचे, आणि दोघींपैकी कोणीही कोणाला फसवत नव्हतं. काकांना मी हेच सांगितलं. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आमच्या घरीबी तसंच होये.’’ त्यानंतर आम्ही तिघं एका टेबलाशी बसलो आणि एकमेकांचे हात पाहिले.

काका रॅचेट वापरतच नव्हते. मायक्रोमीटरच्या शेवटाला जी छोटी टकटक करणारी टोपी असते, ती ठराविक जोर झाला की घसरते, म्हणजे प्रत्येकाचा दाब सारखा राहतो. काका थिंबल, म्हणजे मायक्रोमीटरची फिरती नळीच, फिरवायचे, बोटांच्या अंदाजाने, जरा आवळून. शिवाय मायक्रोमीटरची फ्रेम ते मुठीत घट्ट धरायचे. हाताच्या उबेने फ्रेम किंचित फुगते, दोन जबड्यांमधली जागा वाढते आणि आकडा कमी दिसतो. नवा मुलगा रॅचेटचा एक टक झाला की वाचायचा. मी तीन टक. तीन माणसांच्या तीन पद्धती, आणि नऊ वर्षांत एकमेकांना विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

ठरवलं की मायक्रोमीटर स्टँडला लावायचा, हातात धरायचा नाही, तीन टक, मग वाचायचं. आठवडाभरात आमच्या तिघांचे आकडे जवळ आले. मला वाटलं, सुटलं.

सुटलं नव्हतं. पुढच्या दोन लॉटचा कंपनीचा अहवाल आला तर एका लॉटच्या पिना आमच्या आकड्यांशी जुळत होत्या, दुसऱ्याच्या सरसकट चार-साडेचार मायक्रॉनने कमी. हात आता एकसारखे, तरी हे कसं? मी मागच्या सगळ्या डिस्पॅचची रजिस्टरं काढून बसले. जुळणारे लॉट पहिल्या शिफ्टच्या सुरुवातीचे होते, सकाळी सात ते दहामधले. न जुळणारे दुपारचे.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. शेडचा पत्रा तापला की आत उभं राहवत नाही. इन्स्पेक्शनच्या खोलीत मात्र डेझर्ट कूलर आहे, मालकांनी आमच्यासाठी लावलेला. मी सेलूच्या बाजारातून दोन साधे थर्मामीटर आणले, एक शेडमध्ये टांगला, एक खोलीत. दुपारी दोनला शेडमध्ये 42, खोलीत 30.

मग सरळ एक प्रयोग केला. ग्राइंडरवरून आत्ताच उतरलेली एक पिन घेतली, स्टँडवरच्या मायक्रोमीटरला लावली. 31.982. तशीच टेबलावर ठेवून काही मिनिटांनी पुन्हा मोजली. 31.980. नवा मुलगा माझ्या खांद्यावरून पाहत होता. ‘‘ताई, आकडा खालीच चालला ना हा!’’ अर्ध्या तासाने 31.978 वर थांबली.

पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतो. आमची पिन 32 मिलिमीटर, फरक 12 अंशांचा. हिशेब केला तर 4.4 मायक्रॉन. कंपनीने लिहिलेला फरक तोच. गरम पिन थंड मायक्रोमीटरने मोजून आम्ही ग्राइंडरवाल्याला सांगायचो, अजून मोठी आहे, घे थोडी. तो बिचारा घ्यायचा. पिन निवली की अंडरसाइज. 16 मायक्रॉनच्या जागेतले साडेचार आम्ही रोज दुपारी उन्हाला देत होतो.

माझ्या अभ्यासात हे दिसलं का नाही? कारण त्या 10 पिना मी आदल्या दिवसापासून माझ्याच टेबलावर ठेवल्या होत्या. त्या खोलीइतक्याच थंड. अभ्यास व्यवस्थित झाला होता, पण आमच्या रोजच्या दुपारचा नव्हता. हे अजूनही मी नव्या मुलामुलींना आवर्जून सांगते: रोज जशा येतात तशा पिनांवर अभ्यास करा, निवडून मांडलेल्यांवर नको.

लांबी मोजण्याचं जगभरचं प्रमाण तापमान 20 अंश आहे, 1931 पासून ठरलेलं. कंपनीच्या प्रयोगशाळेत ते बारा महिने राखतात. आमच्या मालकांनी चौकशी केली, पण तेवढी खोली, तेवढे एसी आणि तेवढी वीज आमच्या आवाक्यातली नव्हती. त्याची गरजही पडली नाही. पिन पोलादाची, मापाचं साधनही पोलादाचं. दोघं एकाच तापमानाला आले की दोघं सारखेच फुगतात आणि फरक उरत नाही. 20 असो की 32. ॲल्युमिनियमचा भाग असता तर ही सोय मिळाली नसती, कारण तो पोलादाच्या साधारण दुप्पट वाढतो.

म्हणून भिंतीला टेकून पडलेली जुनी बिडाची सरफेस प्लेट, म्हणजे अगदी सपाट केलेली जाड लादी, आम्ही चौघांनी उचलून खोलीत आणली. आलेली पिन आधी तिच्यावर आडवी ठेवायची, अर्धा तास. बीड उष्णता भराभर ओढून घेतं. मायक्रोमीटर बाजूला ठेवून स्टँडवर डायल कम्पॅरेटर बसवला आणि त्याला लावायला त्याच पोलादाची एक मास्टर पिन केली, नागपूरहून मोजून आणली. मास्टरही त्याच प्लेटवर राहते. आधी मास्टर लावून शून्य करायचं, मग पिन लावायची, ती किती कमी-जास्त आहे एवढंच पाहायचं. कूलरची हवा थेट टेबलावर येत होती, तिचं तोंड फिरवलं. त्या ओलसर वाऱ्याने आमचे दोन स्लिप गेज आधीच गंजले होते.

ग्राइंडरवाल्याला अर्धा तास थांबायला लावणं सोपं नव्हतं. उत्पादन घटलं म्हणून पहिले आठ दिवस मालक माझ्याशी नीट बोलत नव्हते. मग आम्ही त्याच्या मशीनशेजारीच दुसरी मास्टर पिन ठेवली, शेडच्या गरमीतली, आणि तिथल्या गेजने तिथल्याच मास्टरशी तुलना करून त्याने चालावं असं ठरवलं. आतली तपासणी नंतर. तेव्हा गाडी रुळावर आली.

जुलैत पुन्हा 90 आकडे घेतले, यावेळी पिना थेट ग्राइंडरवरून आणून, ठरलेल्या पद्धतीने प्लेटवर ठेवून. जीआरआर 17 टक्के. गटांचा आकडा 11. दहाच्या आत नाही हे मी कंपनीला पाठवलेल्या कागदावर स्वतः लिहिलं, आणि का नाही तेही. त्यांनी तो मान्य केला.

कापूस निघायला लागला आणि नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट घडली. एका सकाळी काकांनी एक पिन तीनदा लावली आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला, शेवटचा बराच जास्त. पूर्वी असं झालं की ते मधला आकडा लिहून मोकळे व्हायचे. आता त्यांनी पिन काढली, उजेडाकडे धरली, भिंग लावलं. ‘‘हे पाह्य. हे त कापूस हाय वो!’’

एक तंतू पिनेला चिकटला होता, भिंगाशिवाय दिसला नसता. शेडच्या समोरून जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या दिवसभर चालू असतात, हवेत कापूस असतोच. त्यात आम्ही पिना पुसायचो बनियन वेस्टने, म्हणजे बनियनच्या कापडाच्या चिंध्यांनी. कापसाच्या एका तंतूची जाडी 12 ते 20 मायक्रॉन असते. संपूर्ण टॉलरन्स एका तंतूएवढं! दाबाखाली तो चपटा होतो म्हणून पूर्ण जाडी दाखवत नाही, पण ओके पिनेला रिजेक्ट करायला पुरतो. घरी बाबांना सांगितलं तर त्यांनी बोंडातून एक तंतू ओढून बोटांत धरला आणि कितीतरी वेळ पाहत राहिले. चाळीस वर्षं कपाशी पिकवली त्यांनी, तंतूची लांबी व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकली होती, जाडीचं कोणी बोललं नव्हतं.

तेव्हापासून बनियन वेस्ट खोलीच्या उंबऱ्याबाहेर. पिन आधी पेट्रोलने धुवायची, मग धागा न सोडणाऱ्या कापडाने पुसायची. मायक्रोमीटर अजून काही मापांना लागतो. त्याच्या जबड्यांत स्वच्छ कागदाचा तुकडा हलकेच धरायचा आणि ओढून काढायचा. कागदावर राखाडी रेघ उमटली तर पुन्हा. रेघ उमटायची थांबली की मग शून्य तपासायचं. हे काम काकांनी आपल्याकडे घेतलं आहे आणि ते दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत.

यंदाच्या मेमध्ये पिनांचा एकही लॉट मापासाठी परत आला नाही. दुपारच्या शिफ्टचे आमचे आणि कंपनीचे आकडे मी दर आठवड्याला शेजारी शेजारी लिहिते. एक-दीड मायक्रॉनच्या पलीकडे फरक जात नाही.

आता बुशचं बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, घेतलं आहे. आतलं माप बाहेरच्यापेक्षा अवघड. डायल बोअर गेज आत घालून पुढे-मागे झुलवायचा आणि काटा जिथून परत फिरतो तो सगळ्यात लहान आकडा वाचायचा. झुलवणं जरा घाईचं झालं की आकडा चुकला. पहिला अभ्यास 34 टक्क्यांवर आला आहे. यावेळी सगळ्यात जास्त फरक माझ्या हातात निघाला. सोमवारी सकाळी सातला, शेड तापायच्या आधी, काका मला गेज झुलवून दाखवणार आहेत, आणि दुपारी दोनला पुन्हा एकदा.